व्होलाप्यूकचा जनक : योहान मार्टिन श्लायर

भाषा कोणी निर्माण केली, असा प्रश्न विचारला तर आपण काय उत्तर देऊ? मराठीचा कोणी एक जनक दाखवता येत नाही. ज्ञानेश्वरांनी तिला अमृताचे वैभव प्राप्त करून दिले, चक्रधरस्वामींच्या शिष्यांनी तिच्यात गद्याचा पाया घातला, पण भाषा त्यांच्या आधीही होतीच. शेतावर, बाजारात, पाणवठ्यावर ती बोलली जात होती. नदीचा उगम शोधत जावे आणि एका ओल्या खडकापाशी पोहोचावे, तसेच भाषेचे असते. असे असताना एखादा मनुष्य एके दिवशी उठतो, लेखणी हातात घेतो आणि शब्द, विभक्ती, प्रत्यय, काळ, अर्थ अशी संपूर्ण भाषाच कागदावर मांडतो, हे ऐकून नवल वाटल्यावाचून राहत नाही. आणि ती भाषा शिकण्यासाठी युरोपात शेकडो मंडळे निघतात, तिची मासिके चालतात, तिची संमेलने भरतात, हे ऐकून तर नवल द्विगुणित होते. असा पराक्रम ज्या पुरुषाने करून दाखविला आणि ज्याला आपल्या हयातीतच त्या पराक्रमाची पडझडही पाहावी लागली, त्या योहान मार्टिन श्लायर यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

श्लायर यांचा जन्म १८ जुलै १८३१ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्येस असलेल्या बाडेन प्रांतातील ओबरलाउडा या लहानशा खेड्यात झाला. त्या वेळी जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. लहानमोठ्या राज्यांत ते विभागलेले होते व बाडेन हे त्यांपैकीच एक संस्थान. त्यांचे वडील गावातील शाळेत शिक्षक होते. घरात श्रीमंती नव्हती, परंतु पुस्तके होती व देवभक्ती होती. या दोन्ही गोष्टींचा ठसा मुलाच्या मनावर कायमचा उमटला. त्यांनी फ्रायबुर्ग येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १८५६ साली ते कॅथॉलिक पंथाचे धर्मगुरू झाले. पुढील जवळजवळ तीस वर्षे त्यांनी निरनिराळ्या गावी चर्चची सेवा केली.

धर्मगुरूचे काम करीत असता त्यांना दोन छंद जडले. एक काव्याचा आणि दुसरा भाषांचा. धार्मिक कविता ते स्वतः लिहीत आणि १८७६ पासून 'झिओन्सहार्फे' नावाचे कवितेला वाहिलेले एक मासिकही त्यांनी चालविले. भाषांच्या बाबतीत तर त्यांची भूक न भागणारी होती. लॅटिन, ग्रीक, हिब्रू यांसारख्या भाषा धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकाव्याच लागतात, परंतु श्लायर तेथे थांबले नाहीत. पन्नासांहून अधिक भाषांचा त्यांनी अभ्यास केला होता असे सांगितले जाते. या सगळ्या भाषा त्यांना बोलता येत असतील असे नाही, पण त्यांची व्याकरणे त्यांनी चाळली, त्यांचे साम्य व भेद पाहिले आणि पृथ्वीच्या पाठीवर माणूस किती नाना तऱ्हांनी बोलतो याचे त्यांना एकाच वेळी कौतुक व दुःख वाटू लागले.

तो काळ त्यांच्यासारख्या माणसांना सुखाचा नव्हता. १८७१ साली बिस्मार्कच्या नेतृत्वाखाली जर्मन साम्राज्य स्थापन झाले आणि पुढे कॅथॉलिक चर्च व राज्यसत्ता यांच्यात मोठा संघर्ष पेटला. धर्मगुरूंनी प्रवचनातून राजकारणावर बोलू नये म्हणून कायदे झाले. श्लायर हे स्पष्टवक्ते होते. व्यासपीठावरून बोललेल्या शब्दांपायी १८७५ च्या सुमारास त्यांना राश्टाट येथे काही महिने तुरुंगवास भोगावा लागला. त्यानंतर ते कोन्स्टान्झ सरोवराच्या काठी असलेल्या लिट्सेलश्टेटेन या गावी धर्मगुरू म्हणून आले. याच गावी त्यांच्या हातून ते कार्य घडले, ज्यामुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले.

या कार्याची प्रेरणा मोठी साधी होती. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील हजारो गरीब कुटुंबांतील तरुण पोटासाठी अमेरिकेस जात. श्लायर यांच्या परिसरातील एका शेतकऱ्याचा मुलगा असाच अमेरिकेला गेला होता. बापाला लिहिणे जेमतेम येई. तो मुलाला पत्र लिही व पत्त्यातील इंग्रजी नावे कानाला जशी ऐकू आली तशी जर्मन पद्धतीने उतरवी. अमेरिकेतील टपालखात्याला तो पत्ता लागत नसे आणि पत्र परत येई. त्या शेतकऱ्याने आपले दुःख धर्मगुरूंना सांगितले, अशी हकीकत सांगतात.

ज्यांच्या घरात वाचणारे, लिहिणारे पिढ्यान् पिढ्या झाले त्यांना हा प्रसंग किरकोळ वाटेल. माझ्या घरात महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. कचेरीतून आलेला कागद घेऊन शेजारचे आजोबा माझ्याकडे येतात, तो उलटसुलट करून माझ्या हातात देतात आणि मी वाचेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. लिट्सेलश्टेटेनच्या परिसरातील त्या बापाचा चेहरा मला त्यामुळे अनोळखी वाटत नाही. अक्षर म्हणजे केवळ विद्या नव्हे. अक्षर अडले की माणूस माणसापासून तुटतो. श्लायर यांना हे कळले आणि त्यांनी तो प्रश्न सोडविण्याचा ध्यास घेतला, यातच त्यांचे मोठेपण आहे.

प्रथम त्यांनी एक जागतिक वर्णमाला तयार केली. जगातील कोणत्याही भाषेतील उच्चार तिच्या साहाय्याने लिहिता यावेत, अशी त्यांची कल्पना होती. परंतु केवळ लिपी एक झाल्याने काय साधणार? लिहिलेले वाचता आले तरी समजले पाहिजे ना! हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १८७९ च्या मार्च महिन्यातील शेवटच्या रात्री त्यांना झोप आली नाही. त्या एका रात्रीत साऱ्या जगासाठी एका भाषेची संपूर्ण रचना आपल्या मनासमोर उभी राहिली आणि ही ईश्वराचीच प्रेरणा आहे, असे ते पुढे आयुष्यभर मानत आले. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात 'झिओन्सहार्फे' मासिकातून त्यांनी या भाषेची रूपरेषा प्रसिद्ध केली व १८८० साली तिचे व्याकरण पुस्तकरूपाने बाहेर आले. भाषेचे नाव होते व्होलाप्यूक.

आता ही भाषा कशी होती ते पाहू. श्लायर यांनी शब्दांचे मूळ बहुतांशी इंग्रजीतून घेतले, त्याखालोखाल जर्मनमधून आणि काही लॅटिन व फ्रेंचमधून. इंग्रजी आणि जर्मन या दोन्ही एकाच जर्मानिक कुळातील बहिणी. म्हणजे या भाषेचा मुख्य वाण जर्मानिकच म्हणावा लागेल. परंतु हे शब्द त्यांनी जसेच्या तसे घेतले नाहीत. शब्दाचा गाभा शक्यतो एका अवयवाचा असावा, त्याच्या आरंभी व अखेरीस व्यंजन असावे, जोडाक्षरे कमी असावीत, असे नियम त्यांनी ठरविले. 'र' हा वर्ण चिनी लोकांना, लहान मुलांना व वृद्धांना उच्चारण्यास कठीण जातो म्हणून तो जवळजवळ वगळला. 'स' हा अनेकवचनाचा प्रत्यय ठरविल्यामुळे कोणत्याही मूळ शब्दाच्या शेवटी 'स' येऊ दिला नाही. परिणाम असा झाला की जग या अर्थाच्या 'वर्ल्ड' या इंग्रजी शब्दाचे 'व्होल' झाले आणि बोलणे या अर्थाच्या 'स्पीक'चे 'प्यूक' झाले. दोहोंच्या मध्ये षष्ठीचा 'आ' घातला की 'व्होलाप्यूक', म्हणजे जगाची भाषा. गुलाबाचा इंग्रजी 'रोझ' या नव्या भाषेत 'लोल' झाला! खंडांच्या नावांना त्यांनी 'ओप' असा एकच शेवट दिला. त्यामुळे युरोपचे 'युलोप', अमेरिकेचे 'मेलोप' व आफ्रिकेचे 'फिकोप' झाले. इंग्रज किंवा जर्मन मनुष्यालाही आपलाच शब्द ओळखू येऊ नये, इतके त्याचे रूप पालटले होते.

व्याकरण मात्र अत्यंत नियमबद्ध होते आणि आपणा मराठी वाचकांना ते परके वाटणार नाही. 'डोम' म्हणजे घर. 'डोमा' म्हणजे घराचे, 'डोमे' म्हणजे घराला आणि 'डोमी' हे कर्माचे रूप. अनेकवचन करावयाचे तर 'स' जोडावा, 'डोम्स'. एकही अपवाद नाही. क्रियापदाच्या शेवटी पुरुषाचा प्रत्यय लागे व आरंभी काळाचा वर्ण जोडला जाई. संस्कृतमध्ये 'गच्छति'चा भूतकाळ करताना आरंभी 'अ' येऊन 'अगच्छत्' होते, तशातलाच हा प्रकार. 'टिड' म्हणजे शिकवणे, तर 'टिडेल' म्हणजे शिक्षक. काही शब्द गमतीदार होत. 'बिएन' म्हणजे मधमाशी. हीन अर्थाचा 'लु' हा उपसर्ग पुढे लावला की 'लुबिएन', म्हणजे गांधीलमाशी! संख्यावाचकांत तर श्लायर यांची बुद्धी विशेष दिसते. 'बाल, टेल, किल' म्हणजे एक, दोन, तीन. त्यांचेच अनेकवचन केले की 'बाल्स, टेल्स, किल्स' म्हणजे दहा, वीस, तीस. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा घोळ लहानपणी ज्यांनी छडीच्या धाकाने निस्तरला आहे, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगावयास नको.

या भाषेचा प्रसार वणव्यासारखा झाला. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, हॉलंड असे करीत ती १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचली. यामागे काळाचीही अनुकूलता होती. तारायंत्राने देश जोडले गेले होते. १८७४ साली बर्न येथे टपालाचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला होता. १८७५ साली मीटर हे माप अनेक देशांनी एकत्र येऊन मान्य केले होते. लांबी मोजण्याचे माप एक होऊ शकते, टपालाचे नियम एक होऊ शकतात, तर मग भाषा एक का होऊ नये, असे सुशिक्षितांना व व्यापाऱ्यांना मनापासून वाटू लागले. १८८४ साली फ्रीड्रिक्सहाफेन येथे व्होलाप्यूकचे पहिले संमेलन भरले, १८८७ साली म्युनिक येथे दुसरे. या दोन्ही ठिकाणी कामकाज मात्र जर्मन भाषेत चालले. १८८९ साली पॅरिसला तिसरे संमेलन झाले आणि तेथे सर्व व्यवहार व्होलाप्यूकमध्येच करण्यात आला. वाढपीसुद्धा तीच भाषा बोलत होते, असे सांगतात. त्या वर्षी जगभर या भाषेची २८३ मंडळे, २५ नियतकालिके आणि २५ भाषांतून लिहिलेली ३१६ पाठ्यपुस्तके होती, असा अंदाज नोंदविलेला आहे. अमेरिकेत चार्ल्स स्प्रेग यांनी १८८८ साली इंग्रजी वाचकांसाठी या भाषेचे पाठ्यपुस्तक काढले. एका खेड्यातील धर्मगुरूने अवघ्या दहा वर्षांत हे घडवून आणले! प्रकृतीच्या कारणास्तव १८८५ साली त्यांनी धर्मगुरूचे काम सोडले होते व कोन्स्टान्झ शहरात राहून ते सर्व वेळ भाषेच्या कार्याला देत होते. शिक्षक, वरिष्ठ शिक्षक, प्राध्यापक अशा पदव्यांची प्रमाणपत्रे ते स्वतः देत. चळवळीचे सर्वोच्च प्रमुख या नात्याने त्यांनी 'चिफाल' हे पद धारण केले होते.

परंतु ज्या पॅरिस संमेलनात या भाषेच्या वैभवाचा कळस झाला, तेथेच तिच्या ऱ्हासालाही आरंभ झाला. कारण समजून घेण्यासाठी ऑगस्ट केर्कहॉफ्स या दुसऱ्या एका व्यक्तीची ओळख करून घेतली पाहिजे. केर्कहॉफ्स जन्माने डच. पॅरिसमधील एका उच्च व्यापारी शिक्षणसंस्थेत ते जर्मन भाषेचे प्राध्यापक होते. गुप्तलिपीच्या शास्त्रावर त्यांनी १८८३ साली जे लेखन केले, ते त्या शास्त्राचे अभ्यासक आजही प्रमाण मानतात. फ्रान्समध्ये व्होलाप्यूकचा प्रसार मुख्यतः त्यांच्याच प्रयत्नाने झाला. म्युनिक संमेलनात या भाषेची अकादमी स्थापन झाली, तेव्हा तिचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

केर्कहॉफ्स यांची दृष्टी व्यवहाराची होती. व्यापाऱ्याला पत्र लिहिता यावे, प्रवाशाला वाट विचारता यावी, एवढे भाषेने साधले तरी पुरे, असे त्यांना वाटे. म्हणून क्रियापदांची असंख्य रूपे कमी करावीत, दोन टिंबांचे कठीण स्वर काढून टाकावेत, शब्द ओळखीचे करावेत, अशा सुधारणा त्यांनी सुचविल्या. श्लायर हे कवी. आपल्या भाषेत उच्च वाङ्मय लिहिले जावे, सर्व सूक्ष्म अर्थच्छटा तिच्यात याव्यात, ही त्यांची आकांक्षा. दोन टिंबांच्या स्वरांवाचून भाषा रूक्ष होईल, असे त्यांचे ठाम मत होते. हा मतभेद तसा विचार करून मिटण्याजोगा होता. पण त्याच्या मुळाशी दुसरा, अधिक खोल प्रश्न दडलेला होता. भाषेत बदल करावयाचा की नाही, हे ठरवावयाचे कोणी? अकादमीने जे बहुमताने ठरविले असेल ते रद्द करण्याचा अधिकार आपल्याला असला पाहिजे, असा श्लायर यांचा आग्रह होता. भाषा त्यांनी निर्माण केली होती आणि तीही ईश्वरी प्रेरणेने. तेव्हा तिच्यावर अंतिम शब्द आपलाच, असे त्यांना मनापासून वाटत होते. अकादमीने त्यांना असा नकाराधिकार देण्याचे नाकारले.

यानंतरची कथा दुःखद आहे. श्लायर यांनी ती अकादमी मानली नाही व आपल्याशी एकनिष्ठ असलेल्यांची वेगळी अकादमी स्थापन केली. केर्कहॉफ्स यांनी १८९१ साली राजीनामा दिला. ज्याला त्याला वाटू लागले की श्लायर भाषा निर्माण करू शकतात तर आपण का नाही? बोपाल, स्पेलिन, बाल्टा, डिल अशा नावांच्या नवनव्या भाषा निघाल्या व अल्पायुषी ठरल्या. मूळ अकादमी पुढे सेंट पीटर्सबर्ग येथील वाल्देमार रोझेनबर्गर यांच्या हाती गेली. तिने सुधारणा करता करता व्होलाप्यूकचे सारे रूपच पालटले आणि १९०२ साली 'इडिओम न्यूट्राल' ही सर्वस्वी निराळी भाषा जगापुढे ठेवली. मंडळे एकामागून एक बंद पडली, मासिके थांबली. जेवढ्या वेगाने भाषा वाढली, तेवढ्याच वेगाने ती ओसरली.

याच काळात पूर्वेकडे, रशियन साम्राज्याच्या ताब्यातील वॉर्सा शहरात, दुसरी एक भाषा जन्म घेत होती. नेत्रवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या लुडविक झामेनहॉफ या तरुणाने १८८७ साली आपली भाषा एका लहानशा पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्याने घेतलेल्या टोपणनावावरून तिला पुढे एस्परांतो हे नाव पडले. एस्परांतो शिकण्यास सोपी होती, तिचे शब्द युरोपीय वाचकाला ओळखू येत, हे तर खरेच. पण श्लायर व झामेनहॉफ यांच्यातील मोठा भेद निराळाच होता. झामेनहॉफ यांनी पहिल्याच पुस्तकात या भाषेवरील आपले सर्व हक्क सोडून दिले व ती सर्वांच्या मालकीची असल्याचे जाहीर केले. १८९४ साली भाषेत सुधारणा कराव्यात की नाही हा प्रश्न निघाला, तेव्हा त्यांनी तो आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांपुढे मतदानासाठी ठेवला. सुधारणांचा आराखडा त्यांनी स्वतःच तयार केला होता. तरीही बहुमत विरुद्ध गेल्यावर त्यांनी तो निर्णय मान्य केला. न्यूर्नबर्ग येथील मंडळ व्होलाप्यूकसाठी निघाले होते. १८८८ च्या सुमारास ते एस्परांतोकडे वळले आणि एस्परांतोच्या सर्वांत जुन्या मंडळांत त्याची गणना झाली. आपल्या महाराष्ट्रात जन्मलेल्या विनोबा भावे यांनीही भूदान पदयात्रेच्या काळात एस्परांतोचे धडे घेतले होते, हे येथे आठवते.

मग श्लायर यांना हट्टी, अहंकारी म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जो मनुष्य एकट्याच्या बळावर एवढे मोठे काम उभे करतो, त्याच्या अंगी विलक्षण चिकाटी व स्वतःवर अढळ विश्वास असावाच लागतो. खेड्यातील एक सामान्य धर्मगुरू, पाठीशी विद्यापीठ नाही, राजाश्रय नाही, धनिकांचा पैसा नाही. अशा परिस्थितीत दहा वर्षे तो टिकून राहिला तो याच गुणाच्या जोरावर. तोच गुण पुढे त्याच्या आड आला. काम लहान असेतो कर्त्याचा शब्द अखेरचा असणे स्वाभाविकच होते. परंतु हजारो माणसे ती भाषा बोलू लागल्यावर, त्यांच्या तोंडून ती निराळी वळणे घेऊ लागल्यावर, ती एकट्याची राहणे शक्य नव्हते. मुलगी सासरी गेल्यावर तिने स्वयंपाकात मीठ किती घालावे हे माहेरच्यांनी ठरवू नये, असे आपल्याकडे समजतात. श्लायर यांना आपली भाषा सासरी पाठविणे जमले नाही.

शास्त्रीय दृष्टीनेही या भाषेत दोष होते, हे मान्य केलेच पाहिजे. १८८७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी या विद्वत्संस्थेने व्होलाप्यूक तपासण्यासाठी एक समिती नेमली. जागतिक भाषेची गरज आहे, परंतु व्होलाप्यूक त्यासाठी योग्य नाही, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. शब्द ओळखू न येणे, रूपांची गर्दी आणि कठीण स्वर ही त्यामागची कारणे सहज समजण्याजोगी आहेत. शिवाय जगाची भाषा म्हणताना श्लायर यांनी शब्द घेतले ते युरोपातूनच. चिनी माणसाच्या जिभेचा त्यांनी 'र' काढताना विचार केला, पण चिनी, अरबी किंवा भारतीय शब्दांना त्यांच्या कोशात फारशी जागा मिळाली नाही. हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. त्या काळी जग म्हणजे युरोप, असे युरोपातील बहुतेक विद्वान समजत.

श्लायर यांना दीर्घायुष्य लाभले. पोप तेरावे लिओ यांनी १८९४ साली त्यांना मानाची पदवी देऊन गौरविले. पण चळवळ विझत गेलेली त्यांना पाहावी लागली. त्यांच्या भाषेचे नाव डॅनिश भाषेत न समजणाऱ्या बडबडीसाठी रूढ झाले. आपणही न कळणाऱ्या बोलण्याला 'कानडी' म्हणून हसतो, त्यातलाच हा प्रकार. भाषा एक व्हावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याच्या शब्दांचे हे काय झाले! तरीही त्यांनी काम सोडले नाही. कोन्स्टान्झमध्ये ते अखेरपर्यंत चिफाल म्हणून आपल्या थोड्याशा अनुयायांचे नेतृत्व करीत राहिले. १६ ऑगस्ट १९१२ रोजी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात आल्बर्ट श्लॉयमर चिफाल झाले. पुढे आरी दे योंग नावाच्या डच डॉक्टरांनी या भाषेचे पुनरुज्जीवन केले व १९३१ साली तिचे सुधारलेले व्याकरण प्रसिद्ध केले. श्लायर यांनी घालवलेल्या 'र'ला त्यांनी पुन्हा स्थान दिले. सुधारणा झाल्या त्या अशा, कर्ता गेल्यावर! चिफाल पदाची परंपरा आजतागायत चालू आहे. मात्र ही भाषा जाणणारे लोक आता जगात अगदी मोजके उरले आहेत.

आपण कला शाखेचे विद्यार्थी भाषा हा विषय शिकतो तेव्हा प्रमाण भाषा, बोली, व्याकरणाचे नियम यांवर वर्गात चर्चा होते. नियम करणारा मोठा की बोलणारा मोठा, हा प्रश्न तेथे वारंवार डोके वर काढतो. श्लायर यांच्या चरित्राने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे असे मला वाटते. त्यांच्या भाषेत अपवाद नव्हते, अनियमितता नव्हती, पण ती बदलण्याची मुभाही नव्हती. आपल्या मराठीत अपवादांचे रान माजलेले आहे, दर बारा कोसांवर ती पालटते, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, शेकडो वर्षे ती जिवंत आहे. गावाकडचा शब्द वर्गात उच्चारताना जीभ अडखळते तेव्हा आपण हे लक्षात ठेवावयास हरकत नाही.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. १९०५ साली फ्रान्समधील बुलोन्य या बंदराच्या गावी एस्परांतोचे पहिले जागतिक अधिवेशन भरले. वीस देशांतील ६८८ माणसे तेथे जमली आणि दुभाष्यावाचून एकमेकांशी बोलली. श्लायर यांचे स्वप्न तेथे प्रत्यक्षात आले होते, पण ते दुसऱ्याच्या भाषेत. त्या वेळी श्लायर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते व कोन्स्टान्झमध्ये एकाकी जीवन कंठीत होते. त्या भरल्या सभेत झामेनहॉफ यांनी आपल्या भाषणात श्लायर यांचा अत्यंत आदराने उल्लेख केला व आंतरराष्ट्रीय भाषेच्या चळवळीचा पाया घालण्याचे श्रेय त्यांना दिले. प्रतिस्पर्ध्याने दिलेले हे श्रेय श्लायर यांच्या सर्व पदव्यांहून मोलाचे आहे. एका अडाणी बापाचे पत्र मुलापर्यंत पोहोचावे म्हणून जो झटला, त्याच्या वाट्याला एवढा सन्मान तरी यावयासच हवा होता.